प्रकृती-परीक्षणाची प्रश्नावली : वऱ्हाडातील रुग्णाच्या भाषेत आणि भूमीत

आयुर्वेदीय चिकित्सेत प्रकृती-परीक्षणाचे महत्त्व या नियतकालिकाच्या वाचकांना नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात दशविध परीक्षा सांगताना प्रकृतीला अग्रस्थान दिले आहे. सुश्रुत आणि वाग्भट यांनी शारीरस्थानात प्रकृतीच्या लक्षणांचे सविस्तर वर्णन केले आहे. पूर्वीचे वैद्य ही परीक्षा सहवासातून करीत. रुग्णाचे घर, त्याचे वडील-आजोबा, त्याचा व्यवसाय आणि आहार वैद्याला ठाऊक असे. आज रुग्ण परगावचा असतो, वेळ थोडा असतो आणि त्या सहवासाची जागा छापील अथवा मोबाईलवरील प्रश्नावलीने घेतली आहे.

दि. २६ नोव्हेंबर २०२४ रोजी सुरू झालेल्या 'देश का प्रकृती परीक्षण' अभियानात महिनाभरात १ कोटी २९ लाखांहून अधिक नागरिकांचे परीक्षण झाले. राष्ट्रीय भारतीय चिकित्सा पद्धती आयोगाच्या नेतृत्वाखाली चाललेल्या या उपक्रमात अनेक व्यवसायी बंधू-भगिनी आणि महाविद्यालयांचे विद्यार्थी स्वयंसेवक म्हणून सहभागी झाले होते. आयुर्वेद एवढ्या मोठ्या संख्येने सामान्य घरांपर्यंत पोहोचला, ही समाधानाची बाब आहे. परंतु त्यानंतर एक नवा प्रश्न आपल्या दवाखान्यात आणि औषधी दुकानात येऊन उभा राहिला आहे. मोबाईलवर आलेले प्रमाणपत्र दाखवून रुग्ण म्हणतो, "माझी पित्त प्रकृती निघाली, पित्तावरचे औषध द्या." या एका वाक्यात किती गैरसमज दडलेले आहेत आणि ते दूर करण्यासाठी प्रश्नावलीची भाषा कशी असावी, याचा विचार प्रस्तुत लेखात करण्याचे योजिले आहे. अचलपूर-परतवाडा परिसर डोळ्यांसमोर ठेवूनच आम्ही हे विवेचन करीत आहोत.

शब्द तेच, अर्थ वेगळे

पहिली अडचण खुद्द दोषांच्या नावांतच आहे. आपल्या दृष्टीने वात, पित्त आणि कफ हे शरीराचे धारण करणारे दोष आहेत. बोलीभाषेत मात्र 'वात' म्हणजे सांधेदुखी किंवा झटका, 'पित्त' म्हणजे आंबट ढेकरा, नाही तर अंगावर उठणाऱ्या गांधी, आणि 'कफ' म्हणजे छातीत साचलेला बेडका. त्यामुळे "आपली वात प्रकृती आहे" असे सांगितल्यावर रुग्ण "मला वाताचा आजार आहे" असे ऐकतो आणि घरी जाऊन तसेच सांगतो. जे आरोग्याचे लक्षण म्हणून सांगितले, ते त्याच्या मनात रोगाचे निदान होऊन बसते.

दुसरा घोटाळा प्रकृती आणि विकृती यांचा. "उष्णता होते का?" असा प्रश्न केला की वऱ्हाडातील रुग्ण कालपरवा खाल्लेल्या पदार्थाने 'गरम पडल्याचे' वर्णन करू लागतो, किंवा उन्हाळी लागल्याचे सांगतो. ही तात्कालिक विकृती होय. प्रश्न विचारणाऱ्याने ते उत्तर पित्त प्रकृतीच्या रकान्यात मांडले, तर पुढची सारी गणना बिघडते. म्हणून प्रत्येक प्रश्नाला काळाची चौकट हवी. 'जन्मापासून' हा शब्द ग्रंथास शोभतो, रुग्णाला मात्र त्यातून काहीच आठवत नाही. "लग्नाच्या अगोदर कसे होते?", "दहावीच्या वर्गात असताना कसे होते?", "पहिल्या बाळंतपणापूर्वी कसे होते?" असे आयुष्यातील ठळक टप्पे धरून विचारल्यास स्मरण नेमके होते.

तिसरी गोष्ट भाषेची. उपलब्ध प्रश्नावल्यांपैकी बऱ्याच मूळ इंग्रजी अथवा हिंदीत तयार होऊन नंतर मराठीत आल्या आहेत. त्यांतील मराठी पुस्तकी असते. 'मलप्रवृत्ती कशी आहे?' यापेक्षा 'पोट रोज साफ होते काय? शौचाला कडक होते की सैल?' हे रुग्णाला लगेच कळते. आपल्या भागात 'मला' याऐवजी 'मले' म्हणतात आणि 'राग येतो' याऐवजी 'राग येते'. छापील प्रश्नावली वऱ्हाडीत असावी असा आमचा आग्रह नाही. लिहिलेली वऱ्हाडी पुष्कळांना थट्टेसारखी वाटते. परंतु प्रश्न तोंडी विचारताना तो कोणत्या बोलीशब्दांत विचारावा, हे परीक्षकाच्या हाती असलेल्या प्रतीत लिहिलेले असावे. नाही तर प्रत्येक परीक्षक आपापला अनुवाद करतो आणि एकच प्रश्न दहा तोंडांतून दहा प्रकारांनी बाहेर पडतो.

इतरांनी हा प्रश्न कसा सोडविला?

व्यक्तिमत्त्वाच्या प्रश्नावल्या एका भाषेतून दुसऱ्या भाषेत नेण्याचा अनुभव मानसशास्त्राजवळ मोठा आहे. अमेरिकेत हॅथवे आणि मॅकिन्ली यांनी तयार केलेली मिनेसोटा प्रश्नावली १९४३ साली प्रसिद्ध झाली. तीत पाचशेहून अधिक विधाने होती. त्यांपैकी एक विधान लहानपणी खेळल्या जाणाऱ्या रुमालाच्या खेळाच्या आवडीविषयी होते. आपल्याकडे तोच खेळ 'मामाचं पत्र हरवलं' या नावाने मुले खेळतात. शब्दशः अनुवाद केला असता तर मराठी वाचकाला तो बोध झालाच नसता. खेळाचे नाव बदलले तर अर्थ पोहोचतो, पण मूळ विधानातून जे मोजायचे होते तेच येथे मोजले जाईल काय, ही शंका उरतेच. पुढे १९८९ च्या सुधारित आवृत्तीतून हे विधान वगळण्यात आले. शब्द, अर्थ आणि मापन या तीन वेगवेगळ्या पायऱ्या आहेत, हा यातला धडा आहे.

उलट-अनुवादाची पद्धत रिचर्ड ब्रिस्लिन यांनी १९७० साली पद्धतशीरपणे मांडली. एकाने मूळ मजकुराचा मराठी अनुवाद करायचा. मूळ मजकूर न पाहिलेल्या दुसऱ्याने तो मराठीतून पुन्हा मूळ भाषेत न्यायचा. मग दोन्ही प्रती शेजारी ठेवायच्या. जेथे फरक दिसेल तेथे अनुवाद सदोष समजावा. दुसरा अनुवादक वैद्य नसावा, असे आम्ही यात जोडू इच्छितो. वैद्याला उत्तर आधीच ठाऊक असल्याने तो चुकीच्या मराठीतूनही बरोबर संस्कृत संज्ञा ओळखतो, आणि दोष झाकला जातो.

जागतिक आरोग्य संघटनेने १९९१ पासून जीवनमानाची प्रश्नावली तयार करताना याहून पुढचे पाऊल टाकले. एका देशात प्रश्न रचून इतरत्र अनुवाद करण्याऐवजी निरनिराळ्या देशांतील पंधरा केंद्रांत ती एकाच वेळी घडविण्यात आली. त्यांत दिल्ली आणि चेन्नई ही भारतीय केंद्रे होती. पुढे तिचे २६ प्रश्नांचे संक्षिप्त रूप प्रचारात आले. उत्तरांचे शब्द ठरविण्याची त्यांची रीत आपल्याला सहज उचलता येण्यासारखी आहे. 'कधीच नाही' आणि 'नेहमी' ही टोके असलेली दहा सेंटीमीटरची रेषा लोकांपुढे ठेवायची आणि 'क्वचित', 'कधीकधी', 'बहुधा', 'पुष्कळदा' हे शब्द त्या रेषेवर कोठे बसतात त्याची खूण करावयास सांगायची. ज्या शब्दांच्या खुणा पाव, अर्धे आणि पाऊण अंतरावर येतात तेच शब्द निवडायचे. आपल्या भागात 'कधीमधी' आणि 'बहुधा' यांत रुग्णाला किती अंतर वाटते, हे वीस-पंचवीस लोकांना विचारून एका आठवड्यात कळू शकेल.

आपल्या घरातील प्रयत्न

आयुर्वेद क्षेत्रातही हे काम झालेले आहे आणि त्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. पुण्याच्या सी-डॅक संस्थेने 'आयुसॉफ्ट' ही संगणक प्रणाली विकसित केली, तीत प्रकृती-परीक्षणाची विस्तृत प्रश्नावली आहे. केंद्रीय आयुर्वेदीय विज्ञान अनुसंधान परिषदेने प्रकृती-परीक्षणाची प्रमाणित श्रेणी आणि कार्यपद्धतीची पुस्तिका तयार केली. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात ३,४१६ व्यक्तींची छाननी करून त्यांतून स्पष्ट प्रकृतीचे केवळ २६२ पुरुष निवडण्यात आले. पुणे जिल्ह्यातील वढू परिसरातील ग्रामीण लोकांच्या प्रकृती-लक्षणांचे संगणकीय विश्लेषण २०१७ साली प्रसिद्ध झाले. तेथे १४७ ठळक प्रकृतीच्या व्यक्तींवरून मिळालेले निष्कर्ष उत्तर भारतातील दुसऱ्या गटावर पडताळून पाहण्यात आले.

या आकड्यांतून व्यवसायी वैद्याने एक गोष्ट ध्यानात घ्यावी. संशोधक हजारोंच्या छाननीतून मोजकीच ठळक प्रकृतीची माणसे निवडतात. आपल्यासमोर येणारे बहुसंख्य लोक द्वंद्वज प्रकृतीचे असतात. त्यांच्याबाबतीत दोन-तीन प्रश्नांची चुकीची उत्तरे निष्कर्ष फिरवू शकतात. म्हणून प्रश्नावलीतील दोष संशोधकापेक्षा व्यवसायी वैद्याला अधिक भोवतात.

देशानुपातिनी प्रकृती

प्रश्नावली त्या त्या देशाला अनुरूप करावी, ही कल्पना पाश्चात्त्यांकडून घेण्याची आपल्याला गरज नाही. चरकाचार्यांनी इंद्रियस्थानात जाती, कुल, देश, काल, वय आणि प्रत्यात्म यांना अनुसरून प्रकृतीचे सहा भेद सांगितले आहेत. विमानस्थानात देशपरीक्षा सांगताना रुग्ण कोठे जन्मला, कोठे वाढला, कोठे आजारी पडला आणि त्या देशातील लोकांचा आहार-विहार कसा असतो, हे जाणून घेण्यास सांगितले आहे. चिकित्सास्थानाच्या तिसाव्या अध्यायात निरनिराळ्या देशांतील लोकांचे सात्म्य सांगितले असून अश्मक आणि अवंती येथील लोकांना तेल व आंबट सात्म्य असल्याचा उल्लेख तेथे आहे. ज्या देशात सारेच तेल-आंबट खातात, तेथे त्या आवडीवरून एका व्यक्तीची प्रकृती ठरविता येत नाही, हे यावरून उघड आहे.

हाच न्याय आपल्या भागाला लावून पाहू. वऱ्हाडच्या मैदानी भागात मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जाणे नवलाचे नाही. अशा ठिकाणी "ऊन सहन होत नाही काय?" या प्रश्नाला जवळजवळ प्रत्येक जण होकार देणार. ज्या प्रश्नाला सर्वांचे उत्तर एकच येते, तो प्रश्न माणसामाणसांत भेद करीत नाही आणि त्याचा उपयोगही होत नाही. तोच प्रश्न तुलनेने विचारावा: "उन्हाळ्यात घरात सर्वांत आधी कूलर लावा असे कोण म्हणते? पहाटे सर्वांत आधी गोधडी अंगावर कोण ओढून घेते?" येथे सर्वांना एकच हवामान लाभलेले असल्याने उरलेला फरक प्रकृतीचा असतो. परतवाड्याहून घाट चढून चिखलदऱ्यास गेले की सुमारे अकराशे मीटर उंचीवर थंडी आणि पाऊस दोन्ही निराळे. तेथील रहिवाशाची तुलना अचलपूरच्या रहिवाशाशी न करता त्याच्याच घरच्यांशी करावी.

त्वचेच्या रुक्षतेचेही तसेच. कपाशीचे निंदण आणि वेचणी करणाऱ्या मजूर स्त्रीच्या हातापायांच्या भेगा हा व्यवसायाचा परिणाम आहे. तिच्या प्रकृतीसाठी वस्त्राने झाकलेल्या भागाची त्वचा पाहावी आणि पावसाळ्यातील स्थिती विचारावी. 'तिखट आवडते काय?' हा प्रश्न ठेचा-भाकरीच्या प्रदेशात निरुपयोगी आहे. त्याऐवजी 'तिखट खाल्ल्यावर काय होते?' असे विचारल्यास निरनिराळी उत्तरे मिळतात. अकाली पालित्याचा प्रश्न मेंदी आणि कलप यांनी झाकला जातो, तेव्हा 'पहिला पांढरा केस कोणत्या वयात दिसला?' असे विचारणे इष्ट.

भूक आणि तहान यांचा प्रश्न सर्वांत नाजूक आहे. पित्त प्रकृतीच्या व्यक्तीस भूक सहन होत नाही, हे शास्त्र. परंतु ज्या घरात सून सर्वांत शेवटी जेवते, तेथे "भूक सहन होते काय?" या प्रश्नाला तिचे उत्तर 'होते' असेच येणार. ते तिच्या सवयीचे आणि स्थानाचे उत्तर आहे, अग्नीचे नव्हे. तिला एकादशीच्या उपवासाविषयी विचारावे: डोके दुखते काय, चिडचिड होते काय, की दिवस सहज जातो? अचलपुरात मुस्लिम समाज मोठा आहे. तेथे हाच प्रश्न रोज्याच्या दिवसांविषयी विचारता येतो. प्रश्नाचे बाह्यरूप बदलले तरी मोजावयाची गोष्ट तीच राहिली, हेच खरे अनुरूपण.

उर्दू भाषिक रुग्णांच्या बाबतीत आणखी एक सावधगिरी हवी. युनानी परंपरेतील 'मिजाज' ही संकल्पना त्यांच्या परिचयाची असते. दम, बलगम, सफरा आणि सौदा असे तेथे चार अखलात मानले आहेत. सफरा म्हणजे पित्त आणि बलगम म्हणजे कफ असे वरवर जुळते, परंतु तेथे रक्त हा स्वतंत्र खिल्त आहे आणि सौदा या घटकाला आपल्या त्रिदोषांत नेमका जोडीदार नाही. म्हणून प्रश्नावली उर्दूत नेताना दोषांचा अनुवाद युनानी संज्ञांनी करू नये. लक्षणांचे साधे वर्णन विचारावे.

मेळघाटातील कोरकू बांधवांची भाषा मुंडा शाखेची, म्हणजे ऑस्ट्रो-आशियाई कुळातील आहे. मराठीशी तिचे कुळाचे नाते नाही. कोरकू रुग्ण आपल्याशी मराठीत किंवा हिंदीत बोलतो ते दुसऱ्या भाषेत बोलणे असते, आणि दुसऱ्या भाषेत माणूस 'हो' लवकर म्हणतो. तेथे होकार-नकाराचे प्रश्न टाळून "कसे होते ते सांगा" असे विचारावे. दुभाषी असल्यास त्याने उत्तर आपल्या शब्दांत आटोपू नये, हे त्याला आधीच समजावून सांगावे.

मानस प्रकृतीचे प्रश्न

शरीरलक्षणे निदान पाहता तरी येतात. स्वभावलक्षणांत वैद्याला रुग्णाच्या शब्दावर विसंबावे लागते. 'राग लवकर येतो काय?' या प्रश्नाला दवाखान्यात सासूसमोर बसलेली स्त्री नकारच देते, तर काही पुरुष तापटपणा अभिमानाने सांगतात. 'बडबड्या', 'भित्रा', 'आळशी' हे शब्द निंदाव्यंजक आहेत. कोणीही स्वतःला ते लावून घेत नाही. 'बोलका', 'जपून पाऊल टाकणारा', 'सावकाश काम करणारा' असे शब्द वापरल्यास प्रामाणिक उत्तर मिळते. 'लवकर समजते आणि लवकर विसरते काय?' हा एकात गुंतलेला दुहेरी प्रश्न आहे, त्याचे दोन प्रश्न करावेत. स्मरणशक्ती शाळेच्या अभ्यासावरून विचारली तर शाळा न पाहिलेल्या आजीबाई निष्कारण मागे पडतात. त्यांना पाठ असलेल्या ओव्यांविषयी, बाजाराच्या हिशेबाविषयी विचारावे.

चरकाने शारीरस्थानात सात सात्त्विक, सहा राजस आणि तीन तामस असे सत्त्वाचे सोळा प्रकार वर्णिले आहेत. त्यांतील राक्षस, पैशाच, पाशव ही नावे शास्त्रीय संज्ञा आहेत. रुग्णाच्या कानी मात्र ती शिवी म्हणून पडतात. ती वैद्याच्या टिपणात राहावीत. प्रमाणपत्रावर किंवा रुग्णाच्या हाती देण्याच्या कागदावर ती कदापि लिहू नयेत.

प्रश्नावली विश्वसनीय आहे हे कसे ओळखावे?

अनुरूपण केलेली प्रश्नावली वापरण्यापूर्वी तिची कसोटी लावणे आवश्यक आहे. त्यासाठी मोठी प्रयोगशाळा लागत नाही. पुढील चार पायऱ्या कोणत्याही तालुका शाखेला शक्य आहेत.

पहिली : आठ-दहा रुग्णांना प्रत्येक प्रश्न वाचून दाखवावा आणि "यातून काय विचारले असे तुम्हाला वाटले?" असे विचारावे. येथेच निम्म्या चुका उघड होतात.

दुसरी : त्याच व्यक्तींची परीक्षा उन्हाळ्यात आणि पुन्हा हिवाळ्यात करावी. प्रकृती बदलत नाही. ज्या प्रश्नाचे उत्तर ऋतूबरोबर बदलले, तो प्रश्न प्रकृतीचा नसून ऋतूचा आहे.

तिसरी : दोन वैद्यांनी परस्परांशी न बोलता त्याच व्यक्ती तपासाव्यात आणि निष्कर्ष ताडून पाहावेत. येथे योगायोगाने होणारे एकमत वजा करावे लागते. उदाहरणार्थ, शंभरांपैकी साठ व्यक्तींबाबत दोघांचे एकमत झाले, परंतु केवळ योगायोगानेही चाळिसांबाबत झाले असते असे समजू. तर योगायोगापलीकडे मिळण्यासारख्या साठांपैकी वीसच मिळाले, म्हणजे खरे एकमत एक-तृतीयांश. कोहेन यांनी १९६० साली मांडलेला 'कॅपा' हा निर्देशांक तो हाच. साठ टक्के ऐकून होणारे समाधान या हिशेबाने बरेच ओसरते.

चौथी : ज्या प्रश्नांना जवळजवळ सर्वांनी एकच उत्तर दिले, ते गाळावेत किंवा तुलनात्मक करावेत.

बोलीच्या अंगाने साहाय्य हवे असल्यास आपल्याच जिल्ह्यात रिद्धपूर येथे मराठी भाषा विद्यापीठ स्थापन झाले आहे. महानुभावांच्या या भूमीत मराठी गद्याचा पाया घातला गेला. वऱ्हाडीच्या अभ्यासकांशी वैद्यांनी संपर्क साधण्यास यापेक्षा सोयीचे स्थान कोणते?

औषधी विक्रेत्यांसाठी दोन शब्द

हा सारा खटाटोप कशासाठी, असे विक्रेता बंधू विचारतील. उत्तर बिब्ब्याच्या उदाहरणाने देतो. बिब्बा वऱ्हाडात घरोघरी ठाऊक आहे. भल्लातक उष्ण-तीक्ष्ण असल्याने पित्त प्रकृतीच्या व्यक्तीस आणि ग्रीष्म ऋतूत तो वर्ज्य मानला आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या अनुसूची ई(१) मध्ये विषारी द्रव्यांत त्याचा समावेश असून अशी द्रव्ये असलेले पोटात घ्यावयाचे औषध वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावे, अशी सूचना वेष्टनावर असावी लागते. समजा, सदोष प्रश्नावलीने एखाद्या पित्तप्रधान शेतकऱ्यास 'कफ प्रकृती' ठरविले आणि तो प्रमाणपत्र हाती घेऊन एप्रिल महिन्यात भल्लातकाचा कल्प मागू लागला. अंगावर फोड आणि मूत्रदाह घेऊन तो परत येईल, तेव्हा दोष प्रश्नाच्या भाषेचा होता हे कोणाच्याही ध्यानात येणार नाही. बोल लागेल तो औषधाला, दुकानाला आणि शास्त्राला.

म्हणून आमची विनंती अशी की, प्रमाणपत्रावरील प्रकृती पाहून औषध देऊ नये. ग्राहकास आज काय त्रास होतो ते विचारावे आणि वैद्याकडे पाठवावे. 'पित्त प्रकृती' म्हणजे 'पित्ताचा आजार' नव्हे, हे एक वाक्य दुकानातील फलकावर लावले तरी पुष्कळ काम होईल.

व्यवसायी बंधू-भगिनींनी आपल्या वापरातील प्रश्नावलीतील जे प्रश्न रुग्णांना कळत नाहीत ते नोंदवून ठेवावेत. ज्या बोलीशब्दाने ते कळले तो शब्दही शेजारी लिहावा. दर्यापूर, अंजनगाव, धारणी, अकोट, मूर्तिजापूर अशा ठिकठिकाणच्या नोंदी एकत्र आल्या, तर वऱ्हाडास साजेशी प्रश्नावली तयार करण्याची सामग्री सहज जमा होईल. देश जाणून चिकित्सा करावी, ही शास्त्राची आज्ञा आहे. ती पाळावयाची तर रुग्णाला विचारलेला पहिला प्रश्नही त्या देशाच्या भाषेत असला पाहिजे.